नीळ जास्त झालेली माणसं

उजव्या डोळ्याची पट्टी निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माझ्या कामाच्या खोलीचं कुलूप काढलं, आत गेलो आणि ईझलवर ठेवलेल्या चित्रावरचं फडकं ओढलं. असा दचकून मागे सरलो, की स्टुलाला अडखळून खालीच बसलो.

ऑपरेशनच्या आधी मी एका कांद्याच्या व्यापाऱ्याचं पोर्ट्रेट जवळजवळ पुरं केलं होतं. भरदार चेहरा, पांढरी टोपी, पांढरा सदरा. आता समोर जो माणूस होता त्याचे ओठ जांभळे होते, गालांवर राखेसारखी निळी झाक होती, आणि टोपी तर निळीच्या बादलीत विसरून राहिल्यासारखी दिसत होती.

"सुमन!" मी ओरडलो. "माझ्या चित्राला हात कुणी लावला?"

माझी बायको पिठाच्या हातांनी धावत आली. "कुणी नाही लावला. कुलूप होतं खोलीला. किल्ली तुमच्याच खिशात."

"मग हे काय झालंय?"

तिने चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात मी डोळे पुसायला म्हणून उजव्या डोळ्यावर रुमाल धरला आणि डाव्या, म्हणजे ऑपरेशन न झालेल्या डोळ्याने पाहिलं. व्यापारी एकदम बरा झाला! टोपी पांढरी, गाल तांबूस, मी काढला होता तसाच. रुमाल डाव्या डोळ्यावर नेला, तर माणूस परत निळा. चार-पाच वेळा मी असं केलं.

"असं किती दिवसांपासून चाललंय?" मी विचारलं.

"पाच वर्षं तरी झाली असतील," ती म्हणाली.

"आणि तू बोलली नाहीस?"

"बोलले होते की. एकदा म्हणाले, टोपी निळी वाटते. तुम्ही म्हणालात, तू भाकरी बघ, मी रंग बघतो. मग मी भाकरी बघत राहिले."

दिवाळी अंकासाठी लेख मागताना संपादक म्हणाले होते, "चाळीस वर्षं माणसांचे चेहरे रंगवताय, हात कसा तयार झाला ते लिहा." हात तयार कसा झाला ते मी दोन परिच्छेदांत सांगू शकतो. तयार झालेला हात पाच वर्षं खोटं कसं बोलत होता, ते सांगायला मात्र पुढचा सगळा लेख लागेल.

मी मंचरचा. तरुणपणी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. अक्षरं माझी बरी होती, पण मन चेहऱ्यांत. सकाळी बाजार समितीत बटाट्याचा लिलाव सुरू झाला की मी एका कोपऱ्यात वही घेऊन बसायचो. ओरडणाऱ्या माणसाच्या मानेच्या शिरा, उन्हाकडे पाठ करून उभ्या असलेल्या हमालाचे कान. कानातून ऊन आरपार जातं तेव्हा कान लाल दिसतो, हे मला कुठल्या पुस्तकातून नाही, त्या हमालांकडून कळलं. एक वर्ष मी नुसते कान काढले. दुसऱ्या वर्षी नाकं. लोक म्हणायचे, पेंटरचं डोकं फिरलंय. पुढे फ्लेक्स आले, पाट्या बंद झाल्या आणि पोट भरायला चेहरेच उरले. गावाकडे पोर्ट्रेटला कुणी पोर्ट्रेट म्हणत नाही, 'मोठा फोटो' म्हणतात. घरातलं माणूस गेलं की वर्षश्राद्धाच्या आत मोठा फोटो भिंतीवर लागला पाहिजे. आता कंप्युटरवर फोटोला तैलचित्रासारखं करून देणारे दर चौकात आहेत. तरीही काही घरं जुन्नर-आंबेगावातून माझ्याकडेच यायची. का, तर 'पेंटरच्या हातात माणूस जिता होतो.' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं होतं की मलाही खरं वाटू लागलं होतं.

कातडीचा रंग ट्यूबमध्ये मिळत नाही, तो कालवावा लागतो. पिवळी माती, थोडा तांबडा, पांढरा आणि अगदी सुईच्या टोकाएवढा निळा. प्रमाण कुणी सांगू शकत नाही, डोळा सांगतो. आणि नेमकी तिथेच गोम होती. डॉक्टरांनी मला चहाच्या काचेच्या पेल्याचं उदाहरण देऊन समजावलं. मोतीबिंदू पिकत जातो तसं डोळ्यातलं भिंग पिवळं, मग चहासारखं तपकिरी होत जातं. माणसाला वाटतं जग आहे तसंच आहे, कारण बदल रोज तीळ तीळ होतो. माझ्या हाताला मात्र चेहऱ्याचा रंग पाठ होता. पॅलेटवर कालवलेला रंग मला उगाच पिवळट दिसायचा, म्हणून मी त्यात निळा घालायचो. पुढच्या वर्षी थोडा आणखी. टोपी पिवळट दिसायची, म्हणून पांढऱ्यात निळा.

"तुम्ही काय काम करता?" डॉक्टरांनी विचारलं होतं.

"माणसं रंगवतो."

ते आधी हसले. मग माझा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं.

माझ्या कामाच्या काही सवयी होत्या आणि त्यांचा मला अभिमान होता. सकाळी दहा ते चार, फक्त खिडकीचा उजेड. अपुरं चित्र कुणालाही दाखवायचं नाही. आणि घरच्यांना भेटायचं नाही. फोटो घ्यायचा, दार लावायचं. घरचे लोक समोर बसून रडतात, मग हात बिघडतो, असं मी सगळ्यांना सांगायचो. आता विचार केला, तर या तिन्ही सवयींनी मिळून एकच काम केलं होतं. मला कुणी काही सांगू शकणार नाही, याची पक्की व्यवस्था!

त्या पाच वर्षांत कोण कोण रंगवलं, ते मी आठवून कागदावर लिहिलं. चाळीसेक चेहरे निघाले. डॉक्टरांनी महिनाभर धुळीत जाऊ नका म्हटलं होतं. तो महिना मी कसा काढला, ते सुमनलाच माहीत. जेवताना मध्येच घास थांबायचा. चाळीस घरांच्या भिंतींवर चाळीस निळी माणसं लटकत होती, त्यांना लोक हार घालत होते आणि खाली माझी सही होती.

महिना संपला तसे आम्ही दोघं एसटीने निघालो. पहिलं घर येडगावचं. तिथल्या आजोबांचं चित्र दारातून आत शिरताच दिसलं. टोपी आकाशी निळी. मुलगा चाळिशीचा, मोकळा माणूस. मी हात जोडून म्हणालो, "भाऊ, माझी चूक झाली. टोपीचा रंग बिघडलाय. परत करून देतो."

"चूक कसली?" तो हसायला लागला. "आमची आई टोपीला लई नीळ घालायची. आण्णा रोज बोंबलायचे, मला काय निळा कोल्हा करती काय म्हनून. फोटो आला तवा आई म्हनली, आगं बया, पेंटरला ह्ये कुणी सांगितलं? घराबाहेर कुणालाच ठावं नव्हतं. हात लावू नका, पावणं, ब्येस हाय ती!"

चूक शाबासकी होऊन परत आली, की माणसाला काय करावं ते सुचत नाही. मी चहा प्यायलो आणि उठलो. पुढच्या घरात एका सुनेने सांगितलं, "राहू द्या आता. आमाला ह्याच तोंडाची सवय झालीय. खरं तोंड आठवत पण न्हाई." हे ऐकून मी जास्त हादरलो. तिच्या सासूचा खरा चेहरा माझ्या चित्राने पुसून टाकला होता.

तिसरं घर राजुरीचं. आळेफाट्याला उतरून आम्ही दुसरी गाडी धरली. बबनराव आणि शेवंताबाई. पूर्वी यांची पिढीजात मेंढरं होती, आता थोडी शेती आणि मेंढवाड्यात वीसेक मेंढ्या. त्यांचा एकुलता एक मुलगा अक्षय बाविसाव्या वर्षी गेला. चित्राचं काम त्याचा चुलतभाऊ घेऊन आला होता. मोबाइलमधला फोटो त्याने मला पाठवला, मी काम केलं, तोच येऊन घेऊन गेला. आईबापांना मी पाहिलंही नव्हतं. अक्षय कशाने गेला, हे मी विचारलं नव्हतं. विचारायचं नाही, हीसुद्धा माझी सवयच.

बबनरावांनी आम्हाला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. भिंतीवर देवांच्या तसबिरी होत्या. अक्षयचं चित्र नव्हतं.

"फोटो कुठे लावलाय?" मी विचारलं.

"हाय की," बबनराव घाईने म्हणाले. "लई झ्याक झालाय. धूळ बसती म्हनून वर ठेवलाय."

कपाटावर गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी होतं, तोंड भिंतीकडे करून उभं ठेवलेलं. मी म्हणालो, "जरा बघू का?"

"कशाला उगं? असू द्या की."

तेवढ्यात आतून शेवंताबाई आल्या. बारीक अंगाच्या, पदर डोक्यावर. म्हणाल्या, "दावा की त्यास्नी. त्येंनीच काढलाय." आणि स्वतः दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

बबनरावांनी गोधडी सोडली. मला वाटलं होतं, आता मला निळ्याची सवय झाली आहे. पण ते चित्र पाहिलं आणि सुमनच्या तोंडून "अगं आई" निघालं. जांभळे ओठ, पापण्यांखाली काळसर निळं, कपाळ शिशासारखं. आणि अशा चेहऱ्यावर हसू. फोटोत पोरगा हसत होता ना.

शेवंताबाई दाराकडेच तोंड करून म्हणाल्या, "दादा, एक इचारू? तुमी त्या दिशी तळ्यावर आला व्हता का?"

"कुठल्या तळ्यावर? नाही."

"मंग तुमाला कसं कळलं, तो कसा दिसत व्हता?"

बबनरावांनी खाली बघत सांगितलं. शेजारच्या रानात शेततळं आहे. तळाला आणि चारी उतारांना प्लास्टिकचा कागद अंथरलेला, शेवाळाने बुळबुळीत झालेला. एक कोकरू घसरून आत पडलं. अक्षय त्याला काढायला उतरला. कोकरू त्याने वर फेकलं, ते जगलं. त्याचा स्वतःचा पाय मात्र त्या कागदावर टिकेना. धरायला काही नसतं तिथे. लोक दोर घेऊन येईपर्यंत उशीर झाला होता.

"वर काढला तवा असाच व्हता," शेवंताबाई म्हणाल्या. "हुबेहूब. फोटो आला, मी कागूद फाडला आन् तिथंच खाली बसले. मला वाटलं, ह्या मानसाला काळीज न्हाई. आईला कुणी असला फोटो देतं व्हय?"

मी उठून त्यांच्यासमोर गेलो आणि जमेल तसं सांगितलं. डोळा, मोतीबिंदू, निळा रंग. त्या माझ्या उजव्या डोळ्याकडे टक लावून बघत होत्या.

"म्हंजी तुमाला दिसतच नव्हतं?"

"नाही, बाई. मला तो गोरागोमटा दिसत होता."

त्या उंबऱ्यावर बसल्या. "तीन वरसं मी तुमाला शिव्याशाप दिलं. रोज. आन् तुमाला दिसतच नव्हतं."

मी बबनरावांना म्हणालो, "तुम्ही मला एक फोन का नाही केला? मी त्याच दिवशी आलो असतो."

"आवो, तुमी येवढे मोठे आर्टिस्ट," ते ओशाळून म्हणाले. "आमी म्हनलं, चित्रात असंच असत आसंल. आमा मेंढरामागच्या मान्सांना काय कळतंय त्यातलं?"

चाळीस वर्षांत माझ्या कामाला लोकांनी पुष्कळ नावं ठेवली. कुणी म्हणालं नाक बसकं झालंय, कुणी म्हणालं मिशी बारीक झालीय. त्यातलं काहीही मला इतकं लागलं नव्हतं, जितका बबनरावांनी दिलेला तो मान लागला.

मी चित्र सुधारून देतो म्हणालो. शेवंताबाईंनी मान हलवली. "नगं. आता परत त्याला हात लावू नगा." आम्ही परत निघालो. पुढच्या घरांना जायची माझ्यात ताकदच उरली नाही.

आठ-दहा दिवसांनी बबनरावांचा फोन आला. "ती म्हंती, या. पन हितं बसून काढा. तिच्या म्होरं."

मी नवा कॅनव्हास, रंग आणि ईझल घेऊन राजुरीला गेलो. पडवीत उत्तरेचा, दिवसभर एकसारखा राहणारा उजेड होता, तिथे मांडलं. डावा डोळा अजून जुनाच होता, म्हणून त्यावर रुमाल बांधला. एका डोळ्याने अंतर कळत नाही. ब्रश कॅनव्हासच्या आधीच हवेत थांबायचा, नाहीतर जाऊन आदळायचा. शेवंताबाई माझ्या उजव्या हाताला पोत्यावर बसल्या. माझं अपुरं काम इतक्या जवळून कुणी बघण्याची ती पहिलीच वेळ.

मी रंग कालवून दाखवायचो. त्या सांगायच्या.

"असा न्हाई. रापलेला व्हता. दिसभर उनात."

"असा?"

"ह्यांचं मनगट बघा. तसा. पन कवळा."

बबनरावांनी निमूटपणे मनगट पुढे केलं. मी त्याच्यावरून रंग जुळवला. मग त्या म्हणाल्या, टोपीमुळे कपाळाची वरची बाजू उजळ होती. गळ्यापाशी बनियनची रेघ होती. सकाळच्या थंडीत कान लाल व्हायचे. फोटोत यातलं एकही नव्हतं. फोटो कुणाच्या तरी लग्नात काढलेला, चेहऱ्यावर मांडवाचा उजेड. जे मी तीन वर्षांपूर्वी मेहनतीने उतरवलं होतं तो पोरगा नव्हताच, मांडवाचा उजेड होता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चेहरा आकाराला आला. शेवंताबाई अचानक म्हणाल्या, "तीळ तिकडं न्हाई."

"कुठला तीळ?"

"गालावरचा. तो ह्या गालावर व्हता. आन् भांग पन तिकडून न्हाई, हिकडून."

मी फोटो बघितला. तीळ मी काढला तिथेच होता. फोटो दाखवला, तरी त्या ठाम. बबनरावही म्हणाले, "खरंय तिचं." मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फोटोत एक खांदा पुढे आलेला होता, म्हणजे फोटो अक्षयने स्वतःच हात लांब करून मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून काढलेला होता. काही मोबाइल असा फोटो आरशासारखा उलटा ठेवतात. पहिलं चित्रही मी उलटंच काढलं होतं. त्यात मोतीबिंदूचा काही दोष नव्हता. तीळ कुठल्या गालावर होता, हा एक प्रश्न मी त्याच्या आईला विचारायला हवा होता, एवढंच.

दीड दिवसाचं काम पुसण्याशिवाय इलाज नव्हता. मी टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि म्हणालो, "बाई, तुम्ही जरा आत जा. चेहरा पुसताना बघवणार नाही."

"पुसा," त्या म्हणाल्या. "म्या ह्याच्यापरीस वाईट बघितलंय."

मी पुसलं. त्या बघत राहिल्या.

पाचव्या दिवशी दुपारी चित्र पुरं झालं. हनुवटीवर दोन दिवसांची खुरटी दाढी शेवंताबाईंनीच रंगवायला लावली होती. मी ब्रश खाली ठेवला आणि डोळ्यावरचा रुमाल सोडला. त्या उठल्या, चित्राच्या अगदी जवळ गेल्या. ओले रंग आहेत, हात लावू नका, असं सांगणार होतो, पण त्यांनी हात लावलाच नाही.

"दाढी करायची व्हती त्याला त्या दिशी," त्या म्हणाल्या. "म्या म्हनलं, आदी मेंढरं सोड, दाढी मंग कर."

बबनराव भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून तोंडावर धरली.

मी सामान आवरायला घेतलं. जुनं चित्र कपाटावरून काढलं आणि बगलेत धरून म्हणालो, "हे मी घेऊन जातो. खरवडून टाकतो."

"का?" शेवंताबाई म्हणाल्या.

"ते चुकलंय ना, बाई. तीन वर्षं त्याने तुम्हाला त्रास दिला."

त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "चुकलंय त्ये तुमचं. पोरगं माझं हाय. तळ्यातनं काढला तवा असाच व्हता, म्हनून मी त्याला टाकला व्हता का? मांडीवरच घेतला व्हता ना?"

त्यांनी माझ्या बगलेतून चित्र काढून घेतलं. ओल्या चित्राशेजारी ते क्षणभर धरलं, दोघांकडे पाहिलं, मग गोधडीत नीट गुंडाळलं आणि आत नेऊन अक्षयच्या कपड्यांच्या पेटीत ठेवलं. पेटीचं झाकण लागल्याचा आवाज मला पडवीत ऐकू आला.

बबनरावांनी माझे ब्रश गोळा केले, मेंढ्यांच्या हौदावर नेले आणि एकेक करून पाण्याने धुऊ लागले. तेलरंग पाण्याने निघत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते धूत राहिले.